क्रिप्टो स्वीपस्टेक्स कॅसिनो : फायदे-तोटे, जालना जिल्ह्याच्या संदर्भात

क्रिप्टो स्वीपस्टेक्स कॅसिनो : रोख पैशांऐवजी दोन प्रकारची आभासी नाणी वापरून खेळला जाणारा आणि जिंकलेली रक्कम बिटकॉइन, यूएसडीटी अशा क्रिप्टो चलनात चुकती करणारा ऑनलाइन जुगार. याचा जन्म अमेरिकेतला. तेथील बहुतेक राज्यांत ऑनलाइन कॅसिनोला परवानगी नाही; पण माल खपवण्यासाठी ग्राहकांत बक्षिसांची सोडत काढता येते, मात्र सोडतीत भाग घेण्यासाठी खरेदी सक्तीची असता कामा नये. ही पळवाट धरून पर्थच्या व्हीजीडब्ल्यू या ऑस्ट्रेलियन कंपनीने ‘चुंबा कॅसिनो’ चालवला. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्टेक’ या क्रिप्टो जुगार कंपनीने २०२२ मध्ये अमेरिकेसाठी याच धर्तीचे संकेतस्थळ काढले.

एक नाणे निव्वळ करमणुकीचे. ते विकत मिळते, पण त्याचे पैसे होत नाहीत. दुसरे नाणे विकत मिळत नाही. पहिल्या नाण्यांचा संच घेतला की ‘भेट’ म्हणून सोबत येते, आणि ते जिंकले की साधारण एका नाण्याला एक डॉलर या हिशेबाने वटवता येते. कायद्याची अट पाळली जावी म्हणून रोज हजेरी लावल्यावर थोडी नाणी फुकट दिली जातात, शिवाय टपालाने हस्तलिखित विनंती पाठवूनही ती मागवता येतात. कागदोपत्री त्यामुळे कोणी पैसे लावत नाही. व्यवहारात मात्र दुसऱ्या नाण्यासाठीच लोक पहिले विकत घेतात.

या प्रकाराच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या जातात आणि त्या पूर्ण खोट्या नाहीत. पहिली, फुकटात खेळता येते. दुसरी, वटवणूक जलद होते. बँकेची सुट्टी आड येत नाही. तिसरी सर्वांत वजनदार : निकालाचा खरेपणा खेळणाऱ्याला स्वतः तपासता येतो. डाव सुरू होण्यापूर्वी संकेतस्थळ आपल्या गुप्त संख्येचा सांकेतिक ठसा जाहीर करते, खेळणारा त्यात आपली संख्या मिसळतो, आणि नंतर गुप्त संख्या उघड झाली की दोन्हींवरून निकाल पुन्हा काढून पाहता येतो. गणित चोख आहे. मात्र त्यातून एवढेच सिद्ध होते की पैज लागल्यावर निकाल फिरवला गेला नाही. जिंकलेली रक्कम हातात पडेल की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाही. शिवाय कॅसिनोचा नफा निकाल फिरवून येतच नाही. तो बक्षिसाच्या दरातच बसवलेला असतो आणि प्रामाणिक डावातही शाबूत राहतो.

हा नफा किती, हे मटक्याशी ताडून पाहिले म्हणजे कळते. मराठवाड्यात आकड्याची चिठ्ठी म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील सुरुवातीच्या आणि बंद होतानाच्या भावांवर मुंबईत चालणारी पैज बंद पडल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी मटका आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी न्यू वरळी मटका सुरू केला. पत्ते काढून ओपन आणि क्लोज असे दोन आकडे जाहीर व्हायचे. दहापैकी एका आकड्यावर दहा रुपये लावले आणि तो लागला, तर साधारण नव्वद रुपये मिळत. म्हणजे लागलेल्या दर शंभर रुपयांमागे चालवणाऱ्याकडे सरासरी दहा राहत. ऑनलाइन स्लॉटमध्ये हा वाटा बहुधा चारच्या आसपास असतो, काही क्रिप्टो खेळांत एकच टक्का. त्यामुळे ‘मटक्यापेक्षा हे बरे’ असे म्हणणारे भेटतात आणि टक्केवारीपुरते ते बरोबरही असते.

चूक होते ती वेगाच्या हिशेबात. एका बाजारावर ओपनला दहा आणि क्लोजला दहा लावणाऱ्या माणसाचे दिवसाला सरासरी दोन रुपये जात. मोबाइलवर दर सहा सेकंदांना एक डाव धरला तर तासात सहाशे डाव होतात. दहा रुपयांच्या हिशेबाने उलाढाल सहा हजारांची, आणि चार टक्क्यांनी तासाला दोनशे चाळीस रुपये जातात. मटक्याला निकालाची वाट पाहावी लागे आणि त्या वेळात माणूस कामाला लागे. इथे थांबायला जागाच ठेवलेली नाही. शिवाय रुपयांचे डॉलर, डॉलरचे यूएसडीटी आणि त्याची पुन्हा नाणी झाल्यावर आपण किती लावतो आहोत याचे भान सुटते. माझ्या मते या कॅसिनोचा सर्वांत मोठा तोटा हाच आहे, आणि जाहिरातीत तो ‘सोयीचा’ गुण म्हणून येतो.

सोडतीच्या आडून जुगार चालवण्याचा हा प्रयत्न आपल्याकडे नवा नाही. मुंबई राज्याने १९४८ मध्ये लॉटऱ्या आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण व कर आणणारा कायदा केला. तेव्हा शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा भरवणाऱ्या आर. एम. डी. चमारबागवाला यांनी आपले बस्तान बंगळूरला हलवले. तिथे छापलेल्या साप्ताहिकातून प्रवेशिका मात्र मुंबई राज्यातूनच गोळा होत राहिल्या. १९५२ च्या दुरुस्तीने राज्याबाहेर छापलेली वृत्तपत्रेही कायद्याच्या कक्षेत आली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि एप्रिल १९५७ मध्ये निकाल लागला : कौशल्यावर खऱ्या अर्थाने अवलंबून नसलेली बक्षीस स्पर्धा हा जुगारच आहे, आणि व्यापाराच्या घटनात्मक स्वातंत्र्याचे संरक्षण जुगाराला मिळत नाही. चालवणारा हद्दीबाहेर आणि पैसा हद्दीतला, हीच मांडणी आज दूरच्या बेटांवरील परवाने दाखवणाऱ्या संकेतस्थळांची आहे.

राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. गावोगावच्या मटक्याच्या अड्ड्यांवरचे छापे त्याच कायद्याखाली पडतात. कॅसिनोला परवाना देऊ शकणारा १९७६ चा राज्य कायदा कधी अमलात आलाच नाही, आणि तो रद्द करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२३ मध्ये घेतला. ऑनलाइन खेळांबाबत निर्णायक ठरला तो संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेला ऑनलाइन गेमिंगविषयीचा केंद्रीय कायदा. कौशल्य की नशीब, हा जुना वाद त्याने बाजूला ठेवला आणि पैसे लावून खेळण्याचे सर्वच ऑनलाइन खेळ निषिद्ध केले. त्यातली ‘इतर पैज’ची व्याख्या या नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पैशांत रूपांतर होऊ शकणारी नाणी, टोकन, क्रेडिट, मग नाव काहीही असो, खरी असोत की आभासी, थेट विकत घेतलेली असोत की आडमार्गाने, सर्व तिच्यात येतात. ‘भेट’ नाण्याची युक्ती या व्याख्येपुढे टिकत नाही. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाख. रील काढून दुवा पसरवणाऱ्या गावातल्या तरुणांनी हा दुसरा भाग नीट वाचावा. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही.

खुद्द अमेरिकेतही ही पळवाट बुजते आहे. २०२५ मध्ये मोंटाना, कनेक्टिकट, न्यू जर्सी यांनी बंदीचे कायदे केले. कॅलिफोर्नियाची बंदी १ जानेवारी २०२६ पासूनची आहे.

आता जालन्याकडे वळू. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. पोलादाच्या रोलिंग मिल आणि बियाण्यांच्या कंपन्या ही शहराची ओळख. महिको १९६४ मध्ये इथेच स्थापन झाली. बाहेर पसरलेला कापूस, सोयाबीन, मोसंबी आणि बीजोत्पादनाचे प्लॉट. शेतकऱ्याच्या हाती पैसा दरमहा येत नाही, हंगामाला एकदम येतो, आणि पुढची पेरणी, उधारी, लग्नकार्य सगळे त्याच रकमेवर ठरलेले असते. ती रक्कम ज्या खात्यात पडते ते खाते आता मोबाइलवर आहे आणि कॅसिनोही त्याच मोबाइलवर. महिन्याच्या पगाराला लागलेली ठेच पुढच्या महिन्यात भरून निघू शकते. हंगाम हातचा गेला की वर्ष जाते.

क्रिप्टोच्या नावाने पोळण्याचा अनुभव जिल्ह्याला आहेच. जानेवारी २०२३ मध्ये जीडीसी नावाच्या आभासी चलनातील गुंतवणुकीवरून जालन्यात परस्परविरोधी तक्रारी पोलिसांत गेल्या : एका बाजूने पैसे बुडाल्याची, दुसऱ्या बाजूने धमकावल्याची. ते प्रकरण कॅसिनोचे नव्हते, पण नाण्याचा भाव ठरवणारा अदृश्य आणि पैसे ओळखीच्या माणसाच्या शब्दावर गेलेले, ही रचना या कॅसिनोंच्या प्रचारातही दिसते. त्याच वर्षी नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात सुमारे ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार दिली आणि तपास गोंदियापर्यंत पोहोचला.

स्वीपस्टेक्सच्या अधिकृत संकेतस्थळावर भारतीय पत्ता चालत नाही. म्हणून व्हीपीएन लावून खेळण्याची वाट दाखवली जाते. हरत असेपर्यंत कोणी काही विचारत नाही; जिंकल्यावर ओळखपत्र मागितले जाते, नियमभंग सापडतो, खाते बंद होते आणि शिल्लक जप्त. नियम वाचले तर संकेतस्थळाला तसा अधिकार असतो, आणि दाद मागायला इथे जागा नाही, कारण परवानाच नाही. क्रिप्टोचा व्यवहार उलटवता येत नाही. बँकेतल्या चुकीच्या व्यवहारावर निदान हरकत घेता येते. क्रिप्टो पाकिटातून गेलेले यूएसडीटी परत बोलावणारे कोणी नाही.

त्याहून कमी माहीत असलेला धोका थेट बँक खात्यावर येतो. यूएसडीटीची खरेदी-विक्री पुष्कळदा टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाशी होते. त्याने पाठवलेले रुपये दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीतले असले, तर दूरच्या राज्यातील सायबर पोलिसांच्या पत्रावरून घेणाऱ्याचे खाते गोठते. मग अनुदान असो की कापसाचे पैसे, सगळे अडकते. कराचा भारही आहे : १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर, जुलै २०२२ पासून व्यवहारावर एक टक्का कपात, आणि तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. कर लागतो म्हणून जुगार कायदेशीर ठरत नाही, हे खेळायला लावणारे एजंट सांगत नाहीत.

फायद्या-तोट्यांचा ताळा करू गेले तर जालन्यातल्या खेळणाऱ्याच्या बाजूने एकही फायदा उभा राहत नाही. फुकट खेळणे, जलद वटवणूक, तपासता येणारा निकाल हे तिन्ही गुण अमेरिकी पत्ता, तिथला कायदा आणि पैसे देणारी कंपनी गृहीत धरतात. इथे उरतो तो फक्त खर्च.

ज्याचे पैसे गेले असतील त्याने लाजून गप्प बसू नये. व्यवहाराचा क्रमांक, पाकिटाचा पत्ता, टेलिग्रामवरचे संभाषण आणि बँकेचा उतारा जपून ठेवून लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत रक्कम बँकेतच रोखली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. खेळ सुटत नसेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतून बोलता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.