रुळाचा दर्जा हाच त्याचा टिकाऊपणा : भिलाईतील रूळनिर्मिती आणि गुणवत्ता नियंत्रण

खुर्सीपार (भिलाई, छत्तीसगड) : भिलाई पोलाद प्रकल्पालगत वसलेली खुर्सीपार ही जुनी कामगारवस्ती. प्रकल्पाच्या एका प्रवेशद्वारालाही याच वस्तीचे नाव आहे. या परिसरातील कारखान्यात तयार होणारे पोलाद पूल, इमारती आणि युद्धनौकांपर्यंत पोहोचते. परंतु भिलाईची देशभरातील ओळख आहे ती रेल्वेच्या रुळांमुळे. भारतीय रेल्वेला अनेक दशके प्रामुख्याने याच प्रकल्पाने रूळ पुरवले. ‘हरित पोलाद’ आणि ‘शाश्वत उत्पादन’ हे शब्द आता सरकारी धोरणात आले आहेत. अशा वेळी रुळासारख्या वस्तूच्या बाबतीत शाश्वतता म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी भिलाईचे उदाहरण उपयुक्त ठरते. येथे पर्यावरणाचा हिशेब आणि प्रवाशांच्या सुरक्षेचा हिशेब वेगळे काढता येत नाहीत.

प्रकल्पाची पार्श्वभूमी

भिलाई प्रकल्पासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात 2 फेब्रुवारी 1955 रोजी करार झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेश राज्यात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. मुंबई-हावडा लोहमार्ग, दल्ली-राजहरा येथील लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक आणि हिर्रीचा डोलोमाइट हे सर्व आवाक्यात असल्याने ही जागा सोयीची ठरली. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. पुढच्याच वर्षी रेल अँड स्ट्रक्चरल मिल सुरू झाली आणि भिलाईच्या रुळांचा प्रवास सुरू झाला. आज हा प्रकल्प सार्वजनिक क्षेत्रातील स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया लिमिटेड म्हणजेच ‘सेल’च्या अखत्यारीत आहे.

आरेखनात दडलेली बचत

रुळाचे आरेखन वरवर साधे दिसते. गाडीचे चाक ज्यावर फिरते ते डोके, मधला उभा पट्टा आणि स्लीपरवर टेकणारा रुंद पाया, असे त्याचे तीन भाग असतात. सध्या प्रमुख मार्गांवर वापरला जाणारा ‘60 किलो’ रूळ 172 मिलिमीटर उंच आणि पायाशी 150 मिलिमीटर रुंद असतो. त्याच्या एका मीटरचे वजन सुमारे 60 किलो भरते, म्हणून हे नाव. त्यापूर्वी ‘52 किलो’ रूळ प्रचलित होता.

रूळ किती काळ टिकला हे वर्षांत मोजले जात नाही, तर त्यावरून किती दशलक्ष टन भार गेला यावर ठरते. भारतीय रेल्वेत दीर्घकाळ वापरात असलेल्या निकषांनुसार, सारख्याच ताणशक्तीच्या पोलादाचा 52 किलोचा रूळ 525 दशलक्ष टन वाहतुकीनंतर, तर 60 किलोचा रूळ 800 दशलक्ष टन वाहतुकीनंतर बदलण्यास पात्र ठरतो. म्हणजे दर मीटरला साधारण 16 टक्के पोलाद जास्त लागते आणि आयुष्य मात्र 50 टक्क्यांहून अधिक वाढते. पोलादाच्या प्रतीचा परिणामही असाच ठळक आहे. जुन्या, कमी ताणशक्तीच्या पोलादापासून केलेल्या 60 किलोच्या रुळाची मर्यादा 550 दशलक्ष टन होती. आकार तोच ठेवून केवळ पोलाद सुधारल्याने ती 800 वर गेली.

या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. जो रूळ दीडपट टिकतो, त्याच्या जागी नवा रूळ तितक्याच उशिरा लागतो. तेवढ्या काळाचे खनिज, कोळसा, पाणी आणि वाहतूक वाचते. भिलाईने 2020 मध्ये ‘आर-260’ या सुधारित प्रतीच्या, व्हॅनेडियमयुक्त रुळांचे उत्पादन सुरू केले. या नावातील 260 हा आकडा पोलादाच्या किमान कठीणतेचा निदर्शक आहे.

लांबी वाढली, सांधे घटले

लोहमार्गाचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे सांधा. पूर्वी 13 मीटर लांबीचे रूळ फिशप्लेटने जोडले जात. गाडीचा परिचित खडखडाट त्याच सांध्यांतून येई. पुढे वेल्डिंगने सलग लोहमार्ग तयार होऊ लागले, तरी प्रत्येक वेल्ड हे संभाव्य दोषाचे ठिकाण राहतेच. त्यामुळे मूळ रूळच लांब असावा, हा आरेखनाचा पुढचा टप्पा ठरला.

सध्या रूळ 260 मीटरच्या पट्ट्यांत मार्गावर पाठवले जातात. असा एक पट्टा 13 मीटरच्या तुकड्यांतून करायचा तर 19 सांधे लागतात, 26 मीटरच्या तुकड्यांतून केल्यास नऊ आणि 65 मीटरच्या तुकड्यांतून केल्यास तीन. आधुनिकीकरणात उभारलेल्या युनिव्हर्सल रेल मिलमध्ये 130 मीटरचा अखंड रूळ तयार होतो. त्यामुळे 260 मीटरला एकच सांधा पुरतो आणि तोही कारखान्यातच, नियंत्रित परिस्थितीत केला जातो. प्रकल्पाचे आधुनिकीकरण आणि विस्तार 14 जून 2018 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते राष्ट्राला समर्पित करण्यात आला.

25 ग्रॅम हायड्रोजनचा प्रश्न

रुळाच्या गुणवत्तेतील सर्वांत छुपा शत्रू हायड्रोजन आहे. चुना, मिश्रधातू, भट्टीचे आणि बादल्यांचे अस्तर यांतील ओलाव्यातून तो वितळलेल्या पोलादात शिरतो. द्रव पोलादात तो सहज सामावतो. पोलाद घट्ट होऊन थंड होऊ लागले की त्याला जागा उरत नाही. मग तो आतील सूक्ष्म पोकळ्यांत साठतो, दाब निर्माण करतो आणि केसासारख्या बारीक भेगा पडतात. या भेगा पृष्ठभागावर दिसत नाहीत. चाकांचा भार पुन्हा पुन्हा पडत राहिला की त्यातील एखादी भेग रुळाच्या डोक्यात आडवी वाढत जाते आणि एके दिवशी रूळ तुटतो.

जगाला या दोषाची तीव्र जाणीव झाली ती अमेरिकेतील एका अपघाताने. न्यूयॉर्क राज्यातील मँचेस्टर येथे 25 ऑगस्ट 1911 रोजी रूळ तुटून गाडी घसरली आणि 29 जण मृत्युमुखी पडले. तपासात रुळाच्या आतील आडवी भेग पुढे आली. त्यानंतरच्या दशकांत रूळ सावकाश थंड करण्याची पद्धत रूढ झाली. आता त्याआधीच, द्रव अवस्थेतच हायड्रोजन काढून टाकण्यावर भर असतो. यासाठी वितळलेले पोलाद निर्वात कक्षात खेळवले जाते. दाब अत्यल्प असल्याने विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि पंपाने शोषून घेतला जातो.

भारतीय रेल्वेच्या मानकानुसार रुळाच्या द्रव पोलादात हायड्रोजनचे प्रमाण दहा लाख भागांत 1.6 भागांपेक्षा अधिक असता कामा नये. सुमारे साडेपंधरा टन वजनाच्या 260 मीटरच्या संपूर्ण पट्ट्याचा विचार केला, तर ही मर्यादा जेमतेम 25 ग्रॅम होते.

तपासणीची साखळी

रुळाची मानके लखनौ येथील ‘आरडीएसओ’ ही रेल्वेची संशोधन संस्था ठरवते. कारखान्यातील तपासणी उत्पादकाच्या गुणवत्ता विभागापुरती मर्यादित नसते. 1974 मध्ये स्थापन झालेली ‘राइट्स’ ही रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीतील कंपनी खरेदीदाराच्या वतीने रूळ तपासून स्वीकारते.

पहिली तपासणी द्रव पोलादाची असते. कार्बन, मँगनीज, सिलिकॉन, गंधक, फॉस्फरस आणि हायड्रोजन यांचे प्रमाण प्रत्येक हीटमध्ये, म्हणजे पोलादाच्या प्रत्येक घाण्यात मोजले जाते. त्यानंतर लाल तप्त ठोकळे रोलिंग मिलमधून जातात आणि त्यांना रुळाचा आकार येतो. थंड होताना रूळ वाकतो, कारण जाड डोके आणि पातळ पाया यांचा थंड होण्याचा वेग सारखा नसतो. त्यामुळे तो रोलरच्या मालिकेतून सरळ करावा लागतो. सरळपणा लेझरने मोजला जातो. आतील दोष श्राव्यातीत ध्वनिलहरींनी, तर पृष्ठभागावरील दोष विद्युत-चुंबकीय भोवरी प्रवाहाच्या पद्धतीने शोधले जातात. नमुन्याच्या तुकड्यांवर ताणशक्ती आणि कठीणतेच्या चाचण्या होतात. ठरावीक उंचीवरून जड वजन टाकूनही रूळ तुटत नाही ना, हे पाहिले जाते.

प्रत्येक रुळाच्या उभ्या पट्ट्यावर आकार, प्रत, उत्पादक, महिना आणि वर्ष यांची उंचवलेली अक्षरे उमटवलेली असतात. हीट क्रमांकही कोरला जातो. अनेक वर्षांनी एखाद्या दूरच्या मार्गावर दोष आढळला, तरी तो रूळ कोणत्या घाण्यातून आला हे त्यावरून शोधता येते.

ही दक्षता का आवश्यक आहे, याचे स्मरण पंजाबमधील खन्ना येथील दुर्घटना करून देते. 26 नोव्हेंबर 1998 च्या पहाटे तेथे फ्रंटियर मेलचे डबे घसरून शेजारच्या मार्गावर पडले आणि समोरून आलेली जम्मूतावी-सियालदह एक्स्प्रेस त्यांवर आदळली. दोनशेहून अधिक प्रवाशांचा मृत्यू झाला. चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती जी. सी. गर्ग आयोगासमोर तुटलेला रूळ हाच मुख्य विषय होता. रूळ तुटण्यामागे वेल्डमधील दोष, झीज, कडाक्याच्या थंडीतील आकुंचन आणि आतील भेग अशी विविध कारणे असू शकतात. म्हणूनच कारखान्यातील तपासणी संपल्यावर मार्गावरील नियमित श्राव्यातीत तपासणीचे काम सुरू होते.

नाकारलेल्या रुळाची किंमत

अंतिम तपासणीत नाकारलेला रूळ वाया जात नाही. मानकांत थोडक्यात न बसणारे रूळ कारखान्यांच्या साइडिंगसारख्या दुय्यम कामांसाठी जातात. उरलेले भंगार म्हणून पुन्हा वितळवले जातात. मार्गावरून काढलेले, परंतु सुस्थितीतील रूळही कमी वाहतुकीच्या मार्गांवर वापरले जातात. मात्र पुन्हा वितळवल्याने लोखंड परत मिळते, खर्च झालेला कोळसा परत मिळत नाही.

पोलाद मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार भारतात एक टन कच्च्या पोलादामागे सरासरी 2.54 टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. या सरासरीने 260 मीटरच्या एका पट्ट्यामागे सुमारे 40 टन उत्सर्जन होते. तो पट्टा शेवटच्या टप्प्यावर नाकारला गेला, तर हे सारे उत्सर्जन निष्फळ ठरते. त्यामुळे दोष शेवटी पकडण्यापेक्षा द्रव पोलादातच रोखणे, हा पर्यावरणाच्या दृष्टीनेही स्वस्त मार्ग आहे.

पोलाद मंत्रालयाने 12 डिसेंबर 2024 रोजी हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. तयार पोलादाच्या टनामागे 2.2 टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल, तरच ते ‘हरित’ मानले जाईल, 1.6 टनांखाली पंचतारांकित दर्जा मिळेल. कोकवर चालणाऱ्या झोतभट्ट्यांसाठी हे उद्दिष्ट अवघड आहे. युरोपीय संघाच्या कार्बन सीमा शुल्काचा निर्यातीवर पडणारा दबावही वाढत आहे.

मळीपासून सिमेंट

झोतभट्टीतून लोखंडाबरोबर निघणारी मळी, म्हणजेच स्लॅग, पाण्याच्या झोतात झटपट थंड केली की तिचे काचेसारखे दाणे बनतात. ते दळून सिमेंटमध्ये मिसळता येतात. भारतीय मानकानुसार पोर्टलँड स्लॅग सिमेंटमध्ये या मळीचे प्रमाण 25 ते 70 टक्के असू शकते. तेवढा चुनखडक भाजावा लागत नाही. भिलाईलगतच्या जामुल येथील सिमेंट कारखान्याला हा कच्चा माल शेजारीच मिळाला. पोलादाच्या भट्टीतील मळी वेगळी असते. तिच्यातील मुक्त चुना पाण्याने फुगत असल्याने ती मुरवून मगच रस्त्यांसाठी वापरावी लागते. येथेही पुनर्वापराआधी गुणवत्तेची कसोटी येतेच.

कामगारांची सुरक्षा

टिकाऊ उत्पादनाच्या हिशेबात ते घडवणारी माणसेही येतात. भिलाई प्रकल्पात जून 2014 मध्ये विषारी वायूच्या गळतीने सहा जणांचा, तर 9 ऑक्टोबर 2018 रोजी वायुवाहिनीच्या स्फोटात दहाहून अधिक कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. खुर्सीपारसारख्या वस्त्यांसाठी हे आकडे शेजारच्या घरांचे असतात. प्रक्रियेवरील जे नियंत्रण रुळातील भेग रोखते, तेच नियंत्रण वायुवाहिन्या आणि देखभालीच्या कामातही तितकेच काटेकोर असणे, ही शाश्वत उत्पादनाची पहिली अट आहे.

महत्त्वाचे टप्पे

1955 : भिलाई प्रकल्पासाठी भारत-सोव्हिएत करार
1959 : पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन
1960 : रेल अँड स्ट्रक्चरल मिल सुरू
1998 : खन्ना येथील रेल्वे दुर्घटना
2018 : आधुनिकीकरण आणि विस्तार राष्ट्राला समर्पित
2020 : आर-260 प्रतीच्या रुळांचे उत्पादन सुरू
2024 : पोलाद मंत्रालयाकडून हरित पोलादाची व्याख्या जाहीर