उभ्या गाडीतून उडणारे पेट्रोल

१/ २६ जुलै १९४३. लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारे दाट धुरके उतरले. युद्धाचे दिवस होते. जपानने विषारी वायू सोडला असावा, अशी शंकाही काहींना आली. प्रत्यक्षात त्या धुरक्याचे एक मूळ शहरातल्याच मोटारींत होते, अगदी इंजिन बंद करून उभ्या असलेल्या मोटारींतसुद्धा.

२/ धुरक्याचे कोडे कॅल्टेकमधील डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी उलगडले. ते मूळचे अननसाच्या स्वादाचे अभ्यासक. पेट्रोलमधील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र आली की ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले. ओझोनच्या मोजणीसाठी त्यांनी रबराला पडणाऱ्या तड्यांचा आधार घेतला.

३/ हायड्रोकार्बन हवेत जाण्यासाठी पेट्रोल जळावेच लागते असे नाही; ते नुसते उडून गेले तरी पुरते. दुपारच्या उन्हात टाकी तापे आणि बाष्प बाहेर पडे. इंजिन बंद केल्यावर त्याची धग कार्ब्युरेटरमधील पेट्रोलला लागे. त्या काळच्या मोटारीतून निसटणाऱ्या हायड्रोकार्बनांपैकी सुमारे पाचवा हिस्सा असा जात असे.

४/ कायदा मात्र या बाष्पापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचला. कॅलिफोर्नियात आधी क्रँककेसमधील वायूंना आवर घातला गेला, मग १९६६ च्या मॉडेलपासून इंजिनाच्या धुराला. बाष्पावरील मर्यादा तेथे १९७० च्या मॉडेलपासून आणि संपूर्ण अमेरिकेत १९७१ पासून आली.

५/ उपाय साधा होता: सक्रिय कोळशाने भरलेला एक डबा. गाडी उभी असताना टाकीतील बाष्प कोळशात अडकते. इंजिन चालू झाले की डब्यातून हवा ओढली जाते आणि ते बाष्प इंजिनात जाऊन जळते.

६/ खरी अडचण मोजणीची होती. आरंभीच्या चाचणीत बाष्प निघण्याच्या ठरावीक जागांना कोळशाचे सापळे जोडत व चाचणीनंतर त्यांचे वजन करीत. १९७२ च्या मॉडेलपासून मर्यादा होती प्रत्येक चाचणीस २ ग्रॅम. गाड्या उत्तीर्ण होत. पण सांध्यांतून आणि फटींतून झिरपणारे बाष्प सापळ्यापर्यंत येतच नसे.

७/ म्हणून १९७८ च्या मॉडेलपासून संपूर्ण मोटारच हवाबंद खोलीत उभी करून खोलीतील हायड्रोकार्बन मोजण्याची पद्धत आली. नवी मर्यादा होती ६ ग्रॅम. आकडा तिपटीने वाढला, तरी कायदा अधिक कडक झाला. कारण आता गाडीच्या कोणत्याही भागातून निसटलेले बाष्प हिशेबात धरले जाई. १९८१ मध्ये हीच मर्यादा २ ग्रॅमवर आली.

८/ पेट्रोल भरताना टाकीच्या तोंडातून निघणारे बाष्प तरीही मोकळेच होते. १९९० च्या कायदादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये त्यासाठी नियम झाला. १९९८ च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने गाडीतच मोठा डबा बसू लागला.

९/ कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष झालेले हागेन-स्मिट १९७७ मध्ये वारले. उभी गाडीही हवा बिघडवते, हे ज्या विज्ञानामुळे कळले त्याचा पाया त्यांनी घातला होता. ती नेमकी किती बिघडवते, हे कायद्याने मोजायला त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ गेला.