घर सोडा, घरातच राहा

साथीच्या रोगाचा इतिहास बहुधा रुग्णालये, प्रयोगशाळा आणि सरकारी हुकूम यांच्या आधारे लिहिला जातो. साथीशी रोजची गाठ पडते ती मात्र घराची. आजारी माणूस आधी घरात आजारी पडतो, त्याची पहिली शुश्रूषा घरातच होते आणि साथ आवरण्यासाठी जे काही करायचे असते, त्यातला मोठा वाटा घरातल्या माणसांनाच उचलावा लागतो. त्यामुळे साथीच्या काळात घराला काय करायला सांगितले गेले, आणि ते कोणत्या समजुतीवरून, हे पाहणे उद्बोधक ठरते.

आपल्याकडे याचे एक चांगले उदाहरण आहे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी ब्रिटिश सरकारने साथरोग प्रतिबंधक कायदा केला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा मुंबईतल्या प्लेगसाठी घाईने केलेला होता. मार्च २०२० मध्ये कोविडची साथ आली तेव्हा महाराष्ट्र शासनाने याच कायद्याखाली नियम जारी केले. (२५ मार्चपासूनची देशव्यापी टाळेबंदी मात्र २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली झाली.) गंमत अशी की, १८९७ मध्ये या कायद्याच्या बळावर माणसांना घराबाहेर काढले जात होते आणि २०२० मध्ये त्यांना घरातच राहायला सांगितले जात होते. हे दोन उलट हुकूम का निघाले आणि घरांनी ते कसे सोसले?

घराबाहेर काढणारी साथ

सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागातल्या रुग्णांचे निदान गाठीचा प्लेग असे केले. मांडवी म्हणजे बंदराजवळची धान्याच्या गोदामांची दाट वस्ती. पुढच्या काही महिन्यांत शहरातल्या सुमारे साडेआठ लाख लोकांपैकी साडेतीन लाखांहून अधिक लोक गाव गाठण्यासाठी निघून गेले.

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे अलेक्सांद्र येर्सँ यांनी शोधला होता. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. घाण, कोंदट हवा, दूषित जमीन, रुग्णाचे कपडे आणि स्वतः रुग्ण अशा सगळ्यांवर एकाच वेळी संशय होता. त्यामुळे उपायही सगळेच एकदम झाले. गटारे धुतली गेली. घरे कार्बोलिकने धुऊन भिंतींना चुना फासला गेला. उजेड यावा म्हणून छपरांची कौले काढली गेली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरे रंगवली गेली. रुग्णाला प्लेगच्या रुग्णालयात आणि त्याच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेले जाई. रुग्णालयातून माणूस परत येत नाही, अशी लोकांची धारणा झाली होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला तो या भीतीपोटीच. हेच रुग्णालय पुढे कस्तुरबा रुग्णालय झाले आणि २०२० मध्ये मुंबईतले कोविडचे पहिले रुग्ण तेथेच दाखल झाले.

पुण्यात या उपायांनी फार कठोर रूप घेतले. फेब्रुवारी १८९७ मध्ये वॉल्टर रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि मार्चपासून मे महिन्यापर्यंत आठशेहून अधिक सैनिकांकडून घरोघर झडती घेण्यात आली. त्या काळच्या वाड्याची रचना डोळ्यांसमोर आणली, तर या झडतीचा अर्थ कळतो. ओसरीपर्यंत परका माणूस येई. माजघर, स्वयंपाकघर, देवघर या घरच्यांच्या जागा. बाळंतिणीची खोली तर आणखी आत. तेथे सैनिक बूट घालून शिरतात, सामान बाहेर फेकतात, काखेत किंवा जांघेत गाठ आहे का हे पाहण्यासाठी बायकांना सर्वांसमोर तपासले जाते, अशा तक्रारी वर्तमानपत्रांतून येऊ लागल्या. परिणाम उलटाच झाला. आजारी माणसे माळ्यावर, अडगळीत लपवली जाऊ लागली. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकवतोच.

याच पुण्यात घराशी वेगळ्या रीतीने वागणारी माणसेही होती. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ सासाणे मळ्यात रुग्णालय उघडले. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तेथे आणत. त्यातच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रुग्णाला घराबाहेर नेणे हे दोन्हीकडे सारखेच होते. फरक होता तो नेणाऱ्यावरच्या विश्वासाचा.

उंदीर पडले की घर सोडावे

साथीचा खरा धागा घरातच होता. माणसांना गाठी येण्याआधी साधारण दोन आठवडे घरातले उंदीर मरत. खेड्यापाड्यांत हे निरीक्षण लवकरच सर्वांना माहीत झाले. ‘उंदीर पडले’ की लोक घर सोडून रानात किंवा माळावर झोपड्या बांधून राहत आणि साथ ओसरली की परतत. याचे कारण त्यांना सांगता आले नसते, पण अनुभव पक्का होता.

कारण शोधले पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने. जून १८९८ मध्ये कराचीत त्याने पिसवा असलेला एक प्लेगग्रस्त उंदीर आणि एक निरोगी उंदीर यांना वेगवेगळ्या पिंजऱ्यांत, पण शेजारी ठेवले. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते. पिसू मात्र जाळीतून उडी मारू शकत होती. काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला. उंदीर मेला आणि त्याचे अंग गार पडले की पिसवा त्याला सोडतात आणि मिळेल त्या प्राण्याला चावतात. घरात हा दुसरा प्राणी बहुधा माणूस असतो.

सिमाँचे म्हणणे पुष्कळांनी हसण्यावारी नेले. १९०५ पासून मुंबईत परळ येथे काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने ते पुन्हा तपासले. हे प्रयोग वर्गात सांगण्याजोगे आहेत. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग ठेवण्यात आले. काही पिंजऱ्यांभोवती पिसवा अडकतील असा चिकट कागद लावला, काही पिंजऱ्यांभोवती लावला नाही. काही पिंजरे जमिनीलगत ठेवले, तर काही पिसूच्या उडीपेक्षा उंच टांगले. हवा सर्वांना एकच होती. ज्यांच्यापर्यंत पिसू पोहोचू शकत होती तेच प्राणी आजारी पडले. हवा, घाण आणि जमीन यांच्यावरचा संशय यामुळे दूर झाला.

आता मागे वळून पाहिले तर एक विलक्षण गोष्ट दिसते. माणसांनी घर सोडणे हा उपाय १८९७ मध्येही बरोबरच होता! कारण मात्र चुकीचे गृहीत धरले होते. त्यामुळे गाठीच्या प्लेगच्या रुग्णाला घरच्यांपासून ओढून नेण्यावर सगळा भर राहिला. या रूपातला प्लेग माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाही. उलट धान्याच्या कणगीखालचे उंदीर सुटले. जो उपाय सक्तीने करताना शहर पेटले, तोच उपाय गावकऱ्यांनी स्वतःच्या निरीक्षणावरून, आपल्या माणसांसह आणि आपल्या सामानासह केला. मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल झाल्यावर सरकारनेही सक्ती हळूहळू सैल केली. तरीही पुढच्या दोन दशकांत प्लेगने भारतात सुमारे एक कोटी बळी घेतले.

घरात कोंडणारी साथ

कोविडचा विषाणू माणसाकडून माणसाकडे जातो. त्यामुळे माणसांमधला संपर्क तोडणे हा सरळ उपाय होता आणि त्यासाठी घर हीच हाताशी असलेली जागा होती. मार्च २०२० मध्ये परदेशांतून आलेल्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईने शिक्का मारून त्यांना घरीच राहायला सांगण्यात आले. २५ मार्चपासून हाच नियम सर्वांना लागू झाला.

त्या दिवसांतले घर आपल्या सर्वांच्या आठवणीत आहे. कामवाल्या बाई येईनाशा झाल्या. वर्तमानपत्र बंद झाले. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या जात, भाजी मिठाच्या किंवा सोड्याच्या पाण्यात बुडवली जाई, किराण्याचे सामान उन्हात ठेवून मग आत घेतले जाई. वडील मुलांचे केस कापू लागले. दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा लागले. जेवणाच्या टेबलाचे कधी कचेरी, कधी शाळा असे रूपांतर होई. खोकला आला की सगळे घर त्या माणसाकडे पाही.

या धुण्यापुसण्यात आणि १८९७ च्या कार्बोलिकमध्ये एक साम्य आहे. सुरुवातीला वस्तूंच्या पृष्ठभागांवर आणि मोठ्या तुषारांवर भर होता. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेतून पसरत नाही, असे ठामपणे जाहीर केले होते. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून बंद जागेतल्या हवेकडे लक्ष वेधले. २०२१ मध्ये संघटनेने कोंदट जागेतला हवेतून होणारा प्रसार स्पष्टपणे मान्य केला आणि वस्तूंना हात लावल्याने होणारा धोका फार कमी असल्याचेही दिसून आले. भाजी धुण्यापेक्षा समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडणे अधिक उपयोगाचे होते. तोपर्यंत अनेक घरांनी बाहेरचा रोग आत येऊ नये म्हणून खिडक्याही लावून घेतल्या होत्या.

घर म्हणजे किती जागा?

‘घरात राहा’ या हुकुमात एक गृहीत लपलेले होते. रुग्णाला वेगळी खोली आणि वेगळे स्वच्छतागृह मिळेल, असे ते गृहीत. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातली ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. जगभरच्या चोपन्न अभ्यासांचा २०२० मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. घरातल्या एकाला कोविड झाल्यावर इतरांना तो होण्याचे प्रमाण त्यात सरासरी सुमारे १७ टक्के निघाले. पती-पत्नींमध्ये ते ३८ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे जवळीक आणि एकाच खोलीतली हवा यांना महत्त्व होते. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांतल्या लोकांच्या रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला आढळला, तर इतर वस्तीत १६ टक्के. शहर एक, विषाणू एक, हुकूमही एकच. फरक होता तो घरांचा आणि सामायिक स्वच्छतागृहांचा. आणि ज्यांचे घर शेकडो मैल दूर होते, असे मजूर चालत निघाले. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली ठार झाले.

घराच्या आतही ओझे सारखे वाटलेले नव्हते. टाळेबंदीच्या आधी, २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. माणसे दिवसभर घरात राहिल्यावर स्वयंपाक, भांडी, धुणे आणि आजारपण यांची त्यात भर पडली. काही घरांत याहून वाईट घडले. टाळेबंदीच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत राष्ट्रीय महिला आयोगाकडे आलेल्या घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी आधीच्या तितक्याच काळाच्या जवळजवळ दुप्पट होत्या. घर सुरक्षित असते हेही एक गृहीतच होते.

मुलांचे काय झाले, हे शिक्षकांना सांगायला नको. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग रीतसर सुरू झाले ते १ डिसेंबर २०२१ पासून, म्हणजे वीस महिन्यांनी. घरात एक फोन आणि दोन-तीन मुले, तोही वडील कामावरून आल्यावर मिळणार, अशा स्थितीत अक्षरओळख व्हायची होती. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ मालिका, गल्लीत भरवलेले वर्ग, घरोघर नेऊन दिलेले स्वाध्याय यांनी काही भरून काढले, सगळे नाही. जिथे आई-आजीला वाचता येत होते आणि वेळही होता, तिथे शाळा घरात आली. इतर ठिकाणी ती थांबली.

दोन्ही साथींतून निघणारा धडा असा. घराला काय सांगायचे, हे रोग कसा पसरतो या ज्ञानावर ठरते आणि साथीच्या सुरुवातीला ते ज्ञान नेहमीच अपुरे असते. यात विज्ञानाचा कमीपणा नाही. ते असेच दुरुस्त होत जाते. पण म्हणूनच हुकूम देताना कारणही सांगितले पाहिजे, नवे कळले की नियम बदलले पाहिजेत आणि घरातून येणारी निरीक्षणे ऐकली पाहिजेत. मेलेला उंदीर सर्वांत आधी पाहिला तो घरातल्या माणसांनीच.

२०२० मध्ये प्राथमिक शाळेत असलेली मुले आता मोठ्या वर्गांत आली आहेत. त्यांना एक उपक्रम देता येईल. त्या काळातल्या आपल्या घराचा नकाशा काढायचा. खिडक्या कोणत्या, किती माणसे, कोण कुठे झोपत होते, आजारी माणूस कुठे ठेवला, फोन कोणाकडे होता, सर्वांत आधी कोण उठत होते, हे त्यात नोंदवायचे. पंचवीस-तीस नकाशे शेजारी शेजारी लावले की साथीच्या प्रसाराचे विज्ञान आणि समाजाची रचना ही दोन्ही एकाच भिंतीवर दिसतील. हे नकाशे जपून ठेवावेत. पुढची साथ येईल तेव्हा घराला काय सांगायचे, हे ठरवणाऱ्यांना त्यांचा उपयोग होईल.