एक चाल, सात रूपे



जात्यावरच्या ओव्या आपल्या ओळखीच्या. चाल तीच, पण दर ओवीला शब्द नवे. आज आम्ही ज्या रचनेची गोष्ट सांगणार आहोत, तिच्यात शब्दच नाहीत. तिथे चालच दर फेरीला नवं रूप घेते. ही रचना पियानोची आहे, आणि ती केली जर्मनीतल्या क्लारा शूमान या बाईने.

क्लाराचा जन्म १८१९ चा, लाइपझिग शहरातला. लहान वयातच ती पियानोवादक म्हणून गाजली. वडिलांचा विरोध होता, म्हणून कोर्टात जाऊन तिने १८४० मध्ये संगीतकार रॉबर्ट शूमानशी लग्न केलं. मग संसार आणि बाळंतपणं सुरू झाली. नवरा संगीत लिहायला बसला, की हिचा पियानो बंद! बाईने संगीत रचायची इच्छा धरू नये, असं तिने लग्नाआधीच स्वतःच्या डायरीत लिहिलं होतं. काळाने तिच्या मनावर तेच बिंबवलं होतं.

ड्युसेलडॉर्फमध्ये त्यांनी घर बदललं. तिथे क्लाराला सरावासाठी वेगळी खोली मिळाली. तेव्हा पदरात सहा मुलं होती. १८५३ च्या जूनमध्ये, नवऱ्याच्या वाढदिवसासाठी, तिने त्याचीच एक छोटी, उदास चाल घेतली आणि तिची सात रूपं रचली. कुठे चाल डाव्या हाताकडे जाते, कुठे सूर धावू लागतात, कुठे एका आवाजामागून दुसरा तेच सूर घेऊन येतो. मूळ चाल मात्र हरवत नाही.

पुढच्याच फेब्रुवारीत मानसिक आजाराने ग्रासलेल्या रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवलं, पण उरलेले दिवस त्याने रुग्णालयात काढले. १८५६ मध्ये तो गेला. दरम्यान क्लाराला आणखी एक मुलगा झाला होता. गावोगावी कार्यक्रम करून तिने मुलं वाढवली. पुढे फ्रँकफर्टच्या संगीतशाळेत तिने शिकवलंही. पण नवं संगीत रचणं जवळजवळ थांबलं.

१८५४ मध्ये छापलेली ती रचना आजही वाजवली जाते. क्लाराकडे गुण आधीपासून होता. खोली मिळायला लग्नानंतर बारा वर्षं लागली. आपल्या घरातली कुणाची चाल जागेवाचून, वेळेवाचून अडली आहे? गटाच्या पुढच्या बैठकीत यावर जरूर बोलू या.