चौदा डिसेंबरचे साडेतीन सेकंद

विमानविद्येच्या इतिहासात 17 डिसेंबर 1903 ही राइट बंधूंच्या पहिल्या यशस्वी उड्डाणाची तिथी सर्वतोमुखी आहे. परंतु तिच्या अवघे तीन दिवस आधी, सोमवार 14 तारखेला, किल डेव्हिल टेकडीच्या त्याच वाळूवर त्याच यंत्राला उड्डाण घेता घेताच जो अपघात झाला, त्याची वासलात ग्रंथकार बहुधा एका वाक्यात लावतात. मला मात्र तो अपघात त्या विजयाइतकाच मननीय वाटतो. कारण अपघाताच्या कारणाचा माग कसा काढावा आणि तो कोठे थांबवू नये, याचा धडा त्यात आहे.

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलायना किनाऱ्यावरील त्या उजाड वाळवंटात विल्बर आणि ऑर्विल हे राइट बंधू सप्टेंबरअखेरपासून मुक्काम ठोकून होते. पंख्यांचे दंड पुन्हा पुन्हा दगा देत असल्याने ऑर्विलला डेटनपर्यंत माघारी जाऊन पोलादी दंड घडवून आणावे लागले आणि तो 11 डिसेंबरला परतला. दरम्यान, 8 तारखेला, सरकारी खजिन्यातून 50,000 डॉलर मिळालेल्या लँग्ली या प्रतिस्पर्धी विद्वानाचे विमान पोटोमॅक नदीत कोसळले होते. 14 तारखेला वारा इतका मंद होता की सपाटीवरून उड्डाण शक्य नव्हते; म्हणून जवळच्या जीवरक्षक ठाण्याला निशाणाने इशारा करून बंधूंनी तेथील माणसे मदतीस बोलावली, त्यांच्या साह्याने सुमारे 600 पौंड वजनाचे ते यंत्र टेकडीच्या उतारावर नेले आणि तेथे 60 फुटांचा लाकडी रूळ मांडला. आधी कोणी जायचे याचा निर्णय नाणेफेकीवर सोपवला गेला. कौल विल्बरला मिळाला.

विल्बर खालच्या पंखावर पालथा झोपला. यंत्राचे नाक वर-खाली करणाऱ्या पुढच्या सुकाणूचा दांडा त्याच्या हाती होता आणि पंखांना पीळ देणारा पाळणा कमरेशी होता. यंत्र सुटले ते अशा वेगाने की पंखाचे टोक धरून धावणाऱ्या ऑर्विलला पस्तीस-चाळीस फुटांपलीकडे त्याची साथ देता आली नाही. रूळ सोडताच यंत्राने नाक वर केले, ते सुमारे 15 फूट चढले, वेग मंदावला, आणि डावा पंख वाळूला टेकून सारे धूड गर्रकन फिरले. ऑर्विलच्या हातातील घड्याळात साडेतीन सेकंद झाले होते. पुढच्या सुकाणूचे आधार आणि काही लाकडी भाग मोडले; विल्बरला इजा झाली नाही.

येथे घडले ते पुढे असंख्य हलक्या विमानांच्या बाबतीत घडले. जमीन सोडताना विमानाचा वेग जेमतेम पुरेसा असतो. अशा क्षणी नाक प्रमाणाबाहेर उचलले की पंखाच्या वरच्या पृष्ठभागावरील हवेचा प्रवाह सुटतो, पंखाची धारणशक्ती लोपते, आणि खाली पुरेशी उंची नसल्याने वेग परत मिळवण्यास अवसर उरत नाही. वैमानिक यालाच स्टॉल म्हणतात.

विल्बरने वडिलांना तारेने कळवले, त्यात स्वतःच्या अंदाजाची चूक प्रांजळपणे कबूल केली आणि शक्ती व नियंत्रण दोन्ही भरपूर आहेत, यश निश्चित आहे, अशी ग्वाहीही दिली. या प्रांजळपणाविषयी मला नितांत आदर आहे. तथापि ती कैफियत पुरी नव्हती. 17 तारखेला सपाटीवरून, समोरून जोराचा वारा येत असताना, ऑर्विल 12 सेकंदांत 120 फूट गेला खरा, परंतु त्याचे यंत्रही एकसारखे वर-खाली हेलकावत होते, आणि सुकाणूचा तोल मध्याच्या फार निकट असल्याने ते आपोआपच वळू पाहते, हे त्याने नमूद करून ठेवले. शिवाय यंत्राचा भार मागे झुकलेला होता. सायकल नव्याने शिकणारा माणूस हँडल हवे त्यापेक्षा अधिक फिरवतो, तसे विल्बरचे झाले हे मान्य. पण ते हँडलच असे होते की निष्णातालाही ते आवरणे दुष्कर ठरावे.

सुकाणू पुढे ठेवण्यात या बंधूंचा अविचार नव्हता. 1896 साली जर्मनीत ओटो लिलिएंथाल पंखयंत्रासह कोसळून मृत्यू पावला, त्या घटनेचा त्यांच्या मनावर खोल ठसा होता. सुकाणू पुढे असले म्हणजे यंत्र नाकाकडून न आदळता बरेचसे आडवे खाली बसते, हा अनुभव त्यांनी स्वतःच्या ग्लायडरांवर घेतला होता. ज्या योजनेने 14 तारखेला यंत्र अवघड केले, तिच्यातच हे संरक्षणही होते. आणि म्हणूनच पुढील दोन वर्षे ती मोडीत न काढता तिचे दोष एकेक करून निवारण्याचा मार्ग त्यांनी पत्करला.

कारणाचा माग कोठे थांबवू नये, हा धडा पुढे नियमातही उतरला. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीविषयीच्या शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टाने 1951 मध्ये अपघातचौकशीची जी रीत घालून दिली, तिचे एकमेव उद्दिष्ट पुढील अपघातांचे निवारण हे असून दोष कोणाच्या माथी मारणे हे नव्हे. वैमानिक चुकला, एवढा शेरा मारून दप्तर बंद करण्याचा मोह मोठा असतो. विल्बरने तो शेरा स्वतःवरच मारला होता, तरीही दोघांनी दप्तर बंद केले नाही: 1904 मध्ये त्यांनी यंत्राच्या पुढच्या टोकाला वजन जोडले, 1905 मध्ये सुकाणू मोठे करून आणखी पुढे नेले, आणि 5 ऑक्टोबर 1905 रोजी डेटननजीकच्या हफमन कुरणावर विल्बर सुमारे 39 मिनिटे घिरट्या घालून 24 मैल उडाला, आणि इंधन संपल्यावरच खाली उतरला.