ताकदही कणांत, तडाही कणांत

लासुर्ण्याजवळचं वालचंदनगर म्हटलं की साखर आठवते. पण १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ घेऊन उडालेल्या रॉकेटच्या बूस्टर कवचाचे भागही इथेच बनले!

हे कवच मॅरेजिंग पोलादाचं. त्यात १८ टक्के निकेल. ४८० अंशांच्या आसपास तापवून ठेवलं की आत निकेल, मॉलिब्डेनम, टायटॅनियमचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. ताकद त्यांचीच. पण गंमत बघा, टायटॅनियम नायट्राइडचा एखादा मोठा कण राहून गेला, तर ताण आल्यावर तो तडकतो किंवा धातूपासून सुटतो. तिथे पोकळी होते, पोकळ्या वाढून एकमेकींना मिळतात आणि धातू फाटतो.

१९७७ साली गर्सन यांनी या पोकळ्या गणितात बसवल्या: पोकळी जितकी जास्त, तितका धातू कमी ताण सोसणार. १९८४ मध्ये ट्वेरगार्ड आणि नीडलमन यांनी ते सूत्र सुधारलं. आजची सॉफ्टवेअर तेच वापरतात.

मग चाचणी कशाला? एप्रिल १९६५ मध्ये अमेरिकेत याच जातीच्या पोलादाचं २६० इंची कवच पाण्याच्या दाबाच्या चाचणीत फुटलं. कारण, वेल्डिंगमधला नजरेतून सुटलेला छोटासा दोष. मॉडेलला आपण सांगू तेवढेच दोष कळतात. बाकीचे शोधायला शेवटी तपासणीच लागते.