छपरावरून उडून गेलेला हायड्रोजन

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. संशोधनाला नुकती सुरुवात केली होती, तेव्हा आम्ही काही विद्यार्थी कॉस्टिक सोड्याचा एक कारखाना पाहायला गेलो होतो. विद्युत अपघटनाच्या घटांच्या लांबच लांब रांगा, हाताएवढ्या रुंद तांब्याच्या पट्ट्या, नाकाला झोंबणारा क्लोरीनचा पुसट वास, हे सगळे पाहून झाले. बाहेर आल्यावर आमच्यातल्या एकाने छपरावरच्या एका उंच नळाकडे बोट दाखवले. त्याच्या तोंडाशी धूर नव्हता की ज्योत नव्हती. कारखाना दाखवणारे वयस्कर फोरमन म्हणाले, "तो हायड्रोजन, पोरांनो. थोडा बॉयलरखाली जाळतो, थोडा सिलिंडरमध्ये भरून विकतो. उरलेला वर सोडतो."

परतीच्या गाडीत आम्ही वहीच्या मागच्या पानावर त्या 'उरलेल्या'चा हिशोब मांडला. हा हिशोब अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला सहज करता येतो. पण त्यातून निघालेले उत्तर एखाद्या कारखान्यात प्रत्यक्ष उतरायला शंभराहून अधिक वर्षे लागली. असे का झाले, ते या लेखात पाहू.

दोन हवे, तिसरा सोबत

मिठाच्या संपृक्त द्रावणातून वीज जाऊ दिली, की धनाग्रापाशी क्लोरीन आणि ऋणाग्रापाशी हायड्रोजन निघतो, व द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे कॉस्टिक सोडा तयार होतो. कारखानदाराला क्लोरीन आणि कॉस्टिक हवे असतात. हायड्रोजन न मागता मिळतो. रसायनशास्त्राच्या समीकरणात मात्र नको असलेला पदार्थ असा काही प्रकार नसतो. ७१ ग्रॅम क्लोरीनबरोबर २ ग्रॅम हायड्रोजन निघणारच. म्हणजे १ टन क्लोरीनमागे सुमारे २८ किलोग्रॅम. वजनाने हा आकडा किरकोळ वाटतो. पण १ किलोग्रॅम हायड्रोजन जाळला तर सुमारे ३३ युनिटांइतकी उष्णता मिळते. त्या हिशोबाने २८ किलोग्रॅममध्ये ९०० युनिटांहून जास्त ऊर्जा आहे.

लोखंडाच्या भट्टीचा धडा

वाया जाणारा वायू मोजून पाहावा, ही कल्पना क्लोरीनच्या कारखान्याहून जुनी आहे. लोखंडाच्या झोतभट्टीच्या तोंडातून पूर्वी रात्रंदिवस ज्वाळा निघत. तो वायू म्हणजे नायट्रोजनात मिसळलेला कार्बन मोनॉक्साइड. १८३० च्या दशकात जर्मनीत वासरआल्फिंगेन येथे फाबर द्यु फोर यांनी तो वायू पकडून भट्टीत जाणारी हवा तापवायला वापरला. पुढे रॉबर्ट बुन्सेन आणि लायन प्लेफेअर यांनी इंग्लंडमधल्या एका भट्टीच्या निरनिराळ्या उंचीवरून वायूचे नमुने काढून त्यांचे पृथक्करण केले. इंधनाच्या उष्णतेपैकी ८० टक्क्यांहून जास्त भाग तोंडावाटे निघून जातो, असा निष्कर्ष त्यांनी १८४५ साली मांडला. शाळेतल्या बर्नरमुळे आपल्याला माहीत असलेले बुन्सेन ते हेच.

या मोजमापानंतर भट्टीचे तोंड झाकून वायू नळांतून नेण्याची पद्धत पसरली. १८९५ साली स्कॉटलंडमध्ये विशॉ येथे थ्वेट यांनी हा वायू स्वच्छ करून त्यावर गॅस इंजिन चालवले. पुढे अशा इंजिनांना जनित्रे जोडून पोलाद कारखाने आपल्याच भट्टीच्या वायूवर वीज निर्माण करू लागले. आजही भारतातल्या मोठ्या पोलाद कारखान्यांत हा वायू बॉयलरखाली जाळून वीज केली जाते.

न्यायाधीशांची बॅटरी

हायड्रोजनपासून वीज मिळवण्याचा आणखी एक मार्ग तोवर माहीत झाला होता, आणि त्यात जाळण्याची गरजच नव्हती. विल्यम ग्रोव्ह हे वेल्समधले वकील. पुढे ते न्यायाधीश झाले. १८३९ साली त्यांना असे दिसले, की सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवलेल्या प्लॅटिनमच्या दोन पट्ट्यांपैकी एकीभोवती हायड्रोजन व दुसरीभोवती ऑक्सिजन ठेवला, तर त्या तारेने जोडल्यावर विद्युतधारा वाहते. याच सुमारास बाझलचे शॉनबाइन हेही याच गुणधर्माचा अभ्यास करत होते. १८४२ साली ग्रोव्ह यांनी असे अनेक घट एकसर जोडले आणि त्यांच्या विजेने दुसऱ्या भांड्यातल्या पाण्याचे अपघटन करून दाखवले. पाणी फोडायला वीज लागते, आणि तेच वायू पुन्हा एकत्र येताना वीज देतात, हे एकाच टेबलावर सिद्ध झाले. आज आपण या उपकरणाला इंधनघट म्हणतो.

हा शोध प्रयोगशाळेबाहेर नेण्याचा पहिला गंभीर प्रयत्न एका रासायनिक उद्योजकाने केला. धुण्याच्या सोड्याचे मोठे कारखानदार लुडविग माँड आणि त्यांचे सहकारी कार्ल लांगर यांनी १८८९ साली आम्लात भिजवलेल्या सच्छिद्र पडद्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा थर देऊन घट बनवला. कोळशापासून कारखान्यात तयार होणाऱ्या वायूवर तो चालवायचा त्यांचा बेत होता. घटाचे विभवांतर ०.७३ व्होल्ट मिळाले. पण दोन अडचणी आल्या. प्लॅटिनम फार महाग होते. शिवाय कोळशाच्या वायूतला कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमच्या पृष्ठभागाला चिकटून बसे आणि घट मंदावे.

पुढच्याच वर्षी, १८९० साली, फ्रँकफुर्टजवळ ग्रीसहाइम येथे पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाचे कारखान्याच्या प्रमाणावर अपघटन सुरू झाले. तिथून निघणाऱ्या हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अंश नव्हता. माँड यांना हवा होता तसा शुद्ध वायू उपलब्ध झाला होता. तरीही दोन्ही गोष्टी एकत्र आल्या नाहीत. कोळसा स्वस्त होता, वाफेची इंजिने आणि डायनॅमो वेगाने सुधारत होते, आणि प्लॅटिनमची किंमत काही उतरली नव्हती.

फुगे, तूप आणि चिमणी

१८९२ साली कास्टनर आणि केल्नर यांनी स्वतंत्रपणे पाऱ्याचा ऋणाग्र असलेले घट शोधले. १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या रनकॉर्न येथे त्यांच्या नावाचा कारखाना चालू झाला, आणि विसाव्या शतकात हा उद्योग जगभर पसरला. हायड्रोजनला मिळतील ती गिऱ्हाइके शोधली गेली. जर्मनीतल्या कारखान्यांनी तो फुगे व हवाई जहाजे भरायला विकला. १९०२ साली नॉरमान यांनी द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. आपल्या घरातले वनस्पती तूप त्याच कृतीतून आलेले. पण हायड्रोजन फार हलका असल्याने साठवायला आणि दूर न्यायला महाग पडतो. जवळपास गिऱ्हाईक नसले, की बॉयलर किंवा चिमणी हे दोनच मार्ग उरत.

एकच पापुद्रा, दोन कामे

हे चित्र एका पापुद्र्यामुळे बदलले. १९६० च्या दशकात ड्यूपाँट कंपनीत नाफिऑन नावाचे बहुवारिक तयार झाले. त्याच्या पातळ पटलातून धन आयन जातात, पण वायू आणि ऋण आयन सहसा जात नाहीत. १९७५ साली जपानमधल्या नोबेओका येथे अशा प्रकारच्या पटलावर चालणारा मिठाच्या अपघटनाचा कारखाना सुरू झाला. त्यात पारा लागत नव्हता आणि वीजही कमी लागे. तिकडे इंधनघटही मागे नव्हते. १९६५ साली जेमिनी अंतराळयानात ते वापरले गेले. त्यांच्या पहिल्या पटलांचे आयुष्य कमी होते. पुढे नाफिऑनसारखी पटले आल्यावर ते टिकाऊ झाले. मीठ फोडणाऱ्या घटात पटलातून सोडियम आयन जातो, वीज देणाऱ्या घटात हायड्रोजन आयन जातो.

अखेर हे दोन घट शेजारी आले. २००७ साली नेदरलँड्समधल्या डेल्फझाइल येथे एका क्लोरीन कारखान्यात उपपदार्थ म्हणून निघणाऱ्या हायड्रोजनवर लहानसे इंधनघट केंद्र सुरू झाले. त्यानंतर बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ १ मेगावॅटचे, आणि २०१६ साली चीनमधल्या यिंगकौ येथे २ मेगावॅटचे केंद्र उभे राहिले. २०२० साली दक्षिण कोरियात देसान येथे ५० मेगावॅटचे केंद्र सुरू झाले. तिथे हायड्रोजन शेजारच्या पेट्रोरसायन कारखान्यातून येतो आणि प्रत्येकी ४४० किलोवॅटचे ११४ घट त्यावर चालतात.

इलेक्ट्रॉनांचा जमाखर्च

आता वहीच्या मागच्या पानावरचा हिशोब. ७१ ग्रॅम क्लोरीनसाठी २ फॅरडे, म्हणजे १,९३,००० कुलोम विद्युतप्रभार लागतो. १ टनासाठी तो सुमारे ७ लाख ५५ हजार ॲम्पिअर-तास होतो. घटाचे विभवांतर ३ व्होल्ट धरले, तर ऊर्जा सुमारे २,२६५ युनिटे.

हायड्रोजनचा प्रत्येक अणू तयार होताना एक इलेक्ट्रॉन घेतो. इंधनघटात तो अणू तोच इलेक्ट्रॉन परत देतो. म्हणजे परत येणारा प्रभारही ७ लाख ५५ हजार ॲम्पिअर-तासच. पण विभवांतर ३ ऐवजी सुमारे ०.७ व्होल्ट. ऊर्जा झाली सुमारे ५३० युनिटे. पंप आणि एकदिश धारेचे रूपांतर यांचा खर्च वजा जाता कारखान्याच्या विजेचा पाचवा भाग परत मिळतो, असे ढोबळमानाने म्हणता येईल.

उरलेले विभवांतर कुठे गेले? काही भाग दोन्ही घटांत उष्णता होऊन गेला. पण सगळा नाही. मीठ फोडायला तत्त्वतः २.२ व्होल्ट लागतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या संयोगातून तत्त्वतः १.२३ व्होल्ट मिळतात. मधला फरक क्लोरीन आणि कॉस्टिकमध्ये साठून राहिला. तो वाया गेलेला नाही. त्याच्यासाठीच तर कारखाना चालतो.

फुकट काही नाही

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. उपपदार्थ म्हणजे फुकटचे इंधन, अशी समजूत विद्यार्थ्यांत सहज रुजते. हायड्रोजन जर आधीच बॉयलरखाली जळत असेल आणि आपण तो इंधनघटाकडे वळवला, तर वाफेसाठी त्याच्या जागी कोळसा किंवा नैसर्गिक वायू जाळावा लागेल. मग खरी बचत किती, ते पुन्हा मोजावे लागते. खरा निव्वळ लाभ होतो तो छपरावरून उडून जाणाऱ्या वाट्याचा. आणखीही एक मार्ग आहे. जर्मनीत क्रेफेल्ड येथे २०११ साली असे घट बसवले गेले, की ज्यांच्या ऋणाग्राला ऑक्सिजन पुरवला जातो. त्यांत हायड्रोजन तयारच होत नाही, म्हणून विभवांतर कमी लागते आणि विजेत सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बचत होते. वायू पकडून वापरावा की तो निर्माणच होऊ देऊ नये, याचे उत्तर प्रत्येक कारखान्याला आपापला हिशोब मांडूनच मिळेल.

वर्गात करून पाहा

ग्रोव्ह यांचा प्रयोग प्लॅटिनमशिवायही दाखवता येतो. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासून घ्या. धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात त्या एकमेकींना न चिकटता उभ्या करा आणि ९ व्होल्टची बॅटरी जोडा. मीठ मात्र वापरू नका, त्यातून क्लोरीन निघेल. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको. दोन-तीन मिनिटे बुडबुडे निघू द्या. मग बॅटरी काढा आणि त्याच दोन टोकांना व्होल्टमापी जोडा. बॅटरी नसतानाही काटा सरकलेला दिसेल आणि हळूहळू खाली येईल.

काटा खाली येत असताना मुलांना विचारा, की हा विद्युतदाब आता कोण देत आहे, आणि तो किती वेळ पुरेल? पेन्सिलीला चिकटलेले बुडबुडे त्यांनी स्वतः पाहिलेले असतात. त्यामुळे बहुतेक वर्गांत उत्तर मुलांकडूनच येते.